आईवर प्रयोग होऊ द्यायचा का?

छातीच्या आजारांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची आहे. पंधरा वर्षांपासून तिला आमवात आहे. तीन वर्षांपूर्वी कोरडा खोकला सुरू झाला, मग जिना चढताना धाप लागू लागली. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी जाळीसारखे वण दिसले. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटच्या गोळ्या चालू आहेत, तरी वर्षभरात तिची फुंकण्याची क्षमता १.९५ लिटरवरून १.७० लिटरवर आली. आता तिच्या डॉक्टरांनी एका चाचणीबद्दल विचारलंय. प्रतिकारशक्तीतल्या बी पेशींवर काम करणारं औषध शिरेतून देणार. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन, आणि कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही कळणार नाही. संमतीपत्र २२ पानांचं आहे. भाऊ म्हणतो, आईला गिनीपिग करायचं नाही. लंडनमध्ये अशाच औषधाने धडधाकट तरुण मरणाच्या दारात गेले होते. आई म्हणते, "तुम्ही ठरवा." मी काय करू?

उत्तर : तुमच्या आई म्हणतात, "तुम्ही ठरवा." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याबद्दल मला बोलायचं आहे, पण आधी आकडा बघू या.

वर्षात २५० मिलिलिटर. वय वाढतं तशी निरोगी माणसाचीही ही क्षमता घटते, पण वर्षाला साधारण ३० मिलिलिटर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इनबिल्ड' नावाच्या चाचणीत वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसचे, म्हणजे फुफ्फुसातल्या अशा वणांचे, ६६३ रुग्ण होते, त्यांत आमवाताचेही होते. वण पडणं मंदावणारं निंटेडॅनिब हे औषध मिळालेल्यांची वर्षभरातली घट सुमारे ८१ मिलिलिटर निघाली, न मिळालेल्यांची १८८. तुमच्या आईंची घट त्याहूनही जास्त आहे. वाट बघत बसावं असा हा आजार नाही, एवढं तरी यातून दिसतं.

मात्र हा आकडा कसा येतो तेही समजून घ्या. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर तंत्रज्ञ उभे राहून सांगत असतात, "घ्या, घ्या, पूर्ण भरून घ्या, आता सोडा, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबायचं नाही!" सहा-सात सेकंदांत डोळ्यांपुढे काजवे चमकतात. असं निदान तीनदा करायचं असतं, आणि सगळ्यांत चांगल्या दोन फुंकांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा लागतो. खोकल्याची उबळ आली, रात्री झोप नव्हती, तंत्रज्ञाला घाई होती, तर आकडा खोटा कमी येतो. दोन्ही वर्षांचे रिपोर्ट घेऊन बसा आणि तिन्ही फुंका जुळतात का ते डॉक्टरांना दाखवायला सांगा. जुळत असतील तर घट खरी आहे.

आता औषधाबद्दल. अशा रुग्णाच्या पाठीला तळाशी स्टेथोस्कोप लावला की प्रत्येक श्वासाच्या शेवटी बुटाचं वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज येतो. गेली २८ वर्षं मी तो ऐकते आहे. आवाज सगळ्यांचा सारखाच, पण वण पडण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, आणि सगळे उपचार त्या कारणावर अवलंबून असतात. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांना परकं समजते. काही जणांत ती फुफ्फुसावरही उलटते. तिथे दाह, म्हणजे सूज, धुमसत राहते आणि त्या सुजेच्या जागी हळूहळू वण धरतो. या कामात बी पेशींचा मोठा हात असतो. म्हणून त्यांनाच बाजूला काढायचं, ही कल्पना.

औषधाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण शेवटी 'मॅब' असेल तर ती प्रयोगशाळेत घडवलेली अँटीबॉडी आहे. बी पेशींवर काम करणाऱ्या अशा अँटीबॉडींतलं सगळ्यांत जुनं रिटुक्सिमॅब. १९९७ पासून ते लसिकाग्रंथींच्या कर्करोगात आणि २००६ पासून आमवाताच्या सांध्यांसाठी वापरात आहे. बी पेशीच्या अंगावर सीडी-२० नावाचा एक प्रथिनाचा बिल्ला असतो. औषध नेमकं तिथे चिकटतं आणि ती पेशी मरते. ज्या पेशी आधीच अँटीबॉडी बनवण्याच्या कामाला लागल्या आहेत त्यांच्या अंगावर तो बिल्ला नसतो, त्यामुळे त्या वाचतात. आयुष्यभरात कमावलेलं संरक्षण म्हणूनच एका दिवसात नाहीसं होत नाही. पण नव्या बी पेशी परत यायला सहा ते नऊ महिने लागतात, कधी त्याहून जास्त.

फुफ्फुसात याचा उपयोग होतो का? आशा आहे, पण बेताची. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या 'रिसायटल' चाचणीत, आमवात सोडून इतर काही संधिवाती आजारांमुळे फुफ्फुसं बिघडलेल्या १०१ रुग्णांना रिटुक्सिमॅब किंवा जुनं, कडक सायक्लोफॉस्फमाइड दिलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची क्षमता ९७ मिलिलिटरने आणि दुसऱ्याची ९९ मिलिलिटरने सुधारली. नवं औषध सरस ठरलं नाही, जवळपास बरोबरीचं निघालं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या १२२ रुग्णांच्या चाचणीत मायकोफेनोलेटला रिटुक्सिमॅबची जोड दिली, तेव्हा नुसत्या मायकोफेनोलेटपेक्षा क्षमतेत ३.६ टक्क्यांचा फरक पडला. तुमच्या आईंपुढे ठेवलेली मांडणी याच्या जवळची दिसते. मी याला चमत्कार म्हणणार नाही. पण ज्या आजारात घसरण थांबणं हेच यश मानलं जातं, तिथे साडेतीन टक्के ही टाकून देण्यासारखी गोष्ट नाही. वण पडलेला भाग मात्र पुन्हा मऊ होत नाही, हे आईंना आधीच स्पष्ट सांगा.

तुमच्या भावाला हसू नका, ते सांगतात ती घटना खरी आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणी केंद्रात टीजीएन १४१२ नावाची अँटीबॉडी माणसात पहिल्यांदाच दिली गेली. सहा निरोगी तरुणांना एकापाठोपाठ एक, काही मिनिटांच्या अंतराने ती मिळाली. दीड तासाच्या आत डोकेदुखी, उलट्या, ताप, आणि त्या रात्रीपर्यंत सगळ्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण एकाला हातापायांची बोटं गमवावी लागली. ते औषध प्रतिकारशक्तीला शांत करणारं नव्हतं. एका जातीच्या पेशींना चेतवून रोग आवरता येईल अशी ती कल्पना होती, आणि माणसात त्या पेशी अनावर झाल्या. तेव्हापासून माणसात पहिल्यांदा औषध देताना आधी एकालाच द्यायचं, वाट बघायची, मग पुढच्याला, ही शिस्त आली.

तुमच्या आईंना विचारलेली चाचणी कोणत्या टप्प्याची आहे ते संमतीपत्राच्या पहिल्या एक-दोन पानांवर असतं. तिसरा टप्पा असेल तर ते औषध आधी शेकडो माणसांना दिलेलं असतं. पहिला टप्पा असेल तर मला पुन्हा लिहा, मग माझं उत्तर वेगळं असेल.

धोके आहेत, ते झाकत नाही. पहिल्या सलाइनच्या वेळी ताप, थंडी, अंगावर गांधी उठणं हे बऱ्याच जणांना होतं, म्हणून आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीची गोळी देतात, थेंब अगदी हळू सोडतात, चार-पाच तास जातात. शरीरात हिपॅटायटिस बी दबून बसला असेल तर तो जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. ही रक्ततपासणी झाल्याशिवाय आईंना सुई टोचू देऊ नका, चाचणीत असो वा बाहेर. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी औषधाच्या निदान महिनाभर आधी घ्या, नंतर घेतल्या तर शरीर त्यांना नीट उत्तर देत नाही. आणि साधा ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

त्या २२ पानांत मी तुमच्या जागी असते तर सर्वांत आधी एकच गोष्ट शोधली असती : सलाइनच्या गटात गेलो तर आईची चालू गोळी चालू राहणार की बंद होणार? चालू राहणार असेल तर आईंना आज मिळतंय त्यापेक्षा कमी काही मिळणार नाही, उलट दर काही आठवड्यांनी कोणीतरी काळजीपूर्वक मोजमाप करणार. बंद होणार असेल तर नको म्हणा. दुसरं, मध्येच तब्येत ढासळली तर काय? किती घट झाली की चाचणीचे डॉक्टर दुसरा उपचार सुरू करू शकतात, हे लिहिलेलं असलं पाहिजे. इजा झाली तर खर्च कोणाचा, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, चाचणी संपल्यावर औषध मिळणार का, हे तिथेच बसून विचारा. या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरकडे चाचणीला जाऊ नका.

आता "तुम्ही ठरवा" बद्दल. माझ्याकडे एक आजी यायच्या, अशाच एका चाचणीसाठी. दोन मुलगे दोन बाजूंना बसून माझ्याशी बोलायचे, आजी मधे, हातात रुमालाची घडी. एकदा मी मुलांना बाहेर बसवलं आणि आजींना विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? त्या म्हणाल्या, "सुईची नाही गं. दर पंधरा दिवसांनी कोण रजा टाकणार माझ्यासाठी, याची." एवढंच होतं. भेटींचं वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवलं, कोणती भेट कोण सांभाळणार ते मुलांनी त्यावर लिहिलं, आणि मग आजींनी स्वतः विचार करून हो म्हटलं. सहीपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, मधेच सोडता येईल ना? येतं. कधीही, कारण न देता, आणि पुढच्या उपचारात त्याचा राग कोणी धरू शकत नाही.

तुमच्या आई शुद्धीत आहेत, समजून घेऊ शकतात. म्हणून हा निर्णय तुमचाही नाही आणि भावाचाही नाही. संमतीपत्र त्यांना त्यांच्या भाषेत, दोन-तीन बैठकांत, दमाने वाचून दाखवा. "तुम्ही ठरवा" याचा अर्थ नेमका काय, ते त्यांना एकट्यात विचारा.

प्रश्न : वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार आहे, वय ६८. दम्यासाठीचं एक नवं इंजेक्शन आता सीओपीडीलाही चालतं असं ऐकलं. त्यांना देता येईल का?

उत्तर : डुपिलुमॅबबद्दल विचारताय. ते सगळ्यांसाठी नाही. २०२३ च्या 'बोरियास' चाचणीत ९३९ रुग्ण होते, सगळे तीन औषधांचे इन्हेलर घेऊनही वारंवार बिघडणारे, आणि सगळ्यांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३०० किंवा त्याहून जास्त. त्यांच्यात आजार उफाळण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. वडिलांच्या नेहमीच्या सीबीसी रिपोर्टमध्ये हा आकडा असतो, तो बघा. टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्या. कमी असेल तर या इंजेक्शनच्या मागे लागू नका. प्रतिकारशक्तीचा चुकीचा धागा ओढला तर काय होतं ते २००७ मध्ये दिसलं आहे : सीओपीडीच्या २३४ रुग्णांच्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाचा काहीही फायदा झाला नाही, आणि कर्करोगाची प्रकरणं औषधाच्या गटात जास्त आढळली. वडील अजून सिगारेट ओढत असतील तर ती सोडण्याचा फायदा कोणत्याही इंजेक्शनपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : मला आयपीएफ, म्हणजे कारण न सापडता फुफ्फुसात वण वाढत जाण्याचा आजार आहे. नेहमीची गोळी चालू ठेवून मी एका नव्या गोळीच्या चाचणीत ५२ आठवडे भाग घेतला. प्रत्येक भेटीला गेलो, एक डोस चुकवला नाही. आता कळलं की मला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, मिळत होता. वर्षभरात माझी क्षमता १८० मिलिलिटरने घटली. माझं एक वर्ष यांनी चोरलं. मी फसवला गेलो ना?

उत्तर : तुमचा राग मला समजतो आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ५२ आठवडे रोज गोळी घ्यायची आणि ती रिकामी होती हे नंतर कळायचं, हे सोपं नाही. फसवणूक झाली का, याचं उत्तर देण्याआधी मला माझी गोष्ट सांगू द्या.

२००० साली अमेरिकन आणि युरोपियन तज्ज्ञ संस्थांनी मिळून आयपीएफसाठी स्टिरॉइड आणि सोबत अझाथायोप्रिन किंवा सायक्लोफॉस्फमाइड सुचवलं. तेव्हा आम्ही मानत होतो की हा आजार दाहातून सुरू होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबली की तो थांबेल. २००५ मध्ये 'इफिजीनिया' चाचणी आली. स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिनला एन-ॲसिटिलसिस्टीनची जोड दिली की घसरण मंदावते असं तिने दाखवलं. मग तीन औषधांचा हा संच आम्ही सगळीकडे लिहू लागलो. पण त्या चाचणीत सगळ्यांनाच पहिली दोन औषधं मिळत होती. यांपैकी काहीच न घेणारा, तुमच्यासारखा गट तिच्यात नव्हता.

माझ्याकडे तेव्हा एक निवृत्त ग्रंथपाल यायचे. त्यांच्याकडे आखीव कागदाची एक छोटी वही होती. रोजच्या तारखेपुढे तीन चौकटी, तीन औषधांच्या, आणि प्रत्येक चौकटीत निळ्या शाईने बरोबरची खूण. एकही चौकट मोकळी नाही. मी दर वेळी ती वही बघून त्यांना शाबासकी द्यायचे. २००९ च्या हिवाळ्यात छातीत संसर्ग झाला आणि नऊ दिवसांत ते गेले.

ऑक्टोबर २०११ मध्ये बातमी आली. 'पँथर' नावाच्या अमेरिकन चाचणीत पहिल्यांदाच हा संच प्लासिबोशी ताडून पाहिला होता. संचाच्या गटात ७७ रुग्ण, प्लासिबोच्या गटात ७८. संच घेणाऱ्यांत ८ मृत्यू, प्लासिबोत १. रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले २३ विरुद्ध ७. चाचणीचा तो भाग तिथेच थांबवला. मी त्या संध्याकाळी माझ्या सगळ्या आयपीएफ रुग्णांची यादी काढली आणि एकेकाला फोन करून बोलावून घेतलं, कारण स्टिरॉइड एकदम बंद करता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. ग्रंथपालांच्या मुलीने ती वही नंतर मला दिली होती. ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्या गोळ्यांनी त्यांचा जीव घेतला की आजाराने, हे मला कधीच कळणार नाही.

अकरा वर्षं आम्ही अगदी मनापासून चूक करत होतो. ती चूक दाखवली त्या ७८ जणांनी. एका माणसाच्या बाबतीत औषध आणि आजार वेगळे काढता येत नाहीत. रुग्ण बिघडला तर आपण म्हणतो आजार वाढला, स्थिर राहिला तर म्हणतो औषध लागू पडलं. नेरँडोमिलास्ट ही दाह आणि वण दोन्हींवर काम करणारी गोळी घ्या. २०२५ मध्ये तिच्या आयपीएफ चाचणीचे निकाल आले, ११७७ रुग्ण, ५२ आठवडे. मोठा डोस घेणाऱ्यांची क्षमता सरासरी ११५ मिलिलिटरने घटली. हा एकटा आकडा वाचला तर कोणीही म्हणेल, औषध घेऊनही माणूस खालीच गेला. प्लासिबोच्या गटात घट १८३ होती, म्हणून ११५ ला अर्थ आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तुमचे १८० मिलिलिटर तुमच्या चाचणीत हेच काम करत आहेत.

तेव्हा, प्लासिबो मिळू शकतो हे सहीपूर्वी तुम्हाला नीट समजावलं होतं का? असेल, तर मी याला फसवणूक म्हणणार नाही. नुसतं कागदावर होतं आणि कोणी तोंडाने सांगितलंच नव्हतं, तर तुमची तक्रार रास्त आहे आणि ती चाचणीच्या नैतिकता समितीकडे लेखी करा. समितीचा पत्ता संमतीपत्रावर असतो, आणि तुमच्यासारख्या पत्रांमुळे पुढच्या रुग्णाला ते नीट समजावलं जातं.

चाचणीच्या समन्वयकांना फोन करा. आता तेच औषध सगळ्यांना उघडपणे देणारा पुढचा टप्पा आहे का, असेल तर तुमचं नाव त्यात आहे का, ते विचारा. निकाल साध्या भाषेत लेखी मागा. नेहमीची गोळी रागाच्या भरात सोडू नका. सहा मिनिटं चालण्याची तपासणी पुन्हा करून घ्या, चालताना ऑक्सिजन ८८ च्या खाली जातो का ते त्यात कळेल, आणि जात असेल तर घरी ऑक्सिजन लावायची वेळ आली आहे.

आणि एक विनंती. प्रत्येक भेटीला गेलात, एकही डोस चुकवला नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचताना मला निळ्या शाईच्या त्या चौकटी आठवल्या. तुमच्याकडे अशी काही नोंद असेल तर ती फेकू नका. पुढच्या भेटीला तुमच्या डॉक्टरांना दाखवा.